निशाणी पलंग

एका रविवारी सकाळी साडेसातला, आमच्याच फाटकासमोर, एका स्कूटीनं मला पाडलं. लागलं फारसं नाही. डावा गुडघा आणि कोपर, बस. पण माझ्या हातात पोहे-जिलबीची पुडकी होती, आणि पडताना माणूस हातातली वस्तू सोडत नाही, उलट आवळून धरतो, हे मला त्या दिवशी कळलं. जिलबीचा पाक कोपरापर्यंत ओघळला. समोरच्या बाल्कनीत भय्यासाहेब चहा पीत बसले होते. त्यांनी वरूनच विचारलं, "सुधाकरराव, पडलात का?"

माधव नगरच्या भर रस्त्यात आडवा झालेला, छातीवर शेव पसरलेला गृहस्थ दुसरं काय करत असेल? पण भय्यासाहेब ऐंशीच्या पुढचे. त्यांचे कुणी पूर्वज शिंदेशाहीत दफ्तरदार होते, आणि सल्ला देण्याचं काम त्यांच्या घराण्यानं दरबार गेल्यावरही सोडलेलं नाही. मी पडल्यापडल्याच "हो" म्हटलं.

"सावकाश उठा," ते म्हणाले, "आणि इथे एक स्पीड ब्रेकर करवून घ्या."

मला वाटलं, किती सोपं आहे! मी सिंचन खात्यात एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, त्यातली शेवटची नऊ हेड ड्राफ्ट्समन. ज्यानं धरणांचे नकाशे काढले, त्याला ब्रेकर म्हणजे काय? त्याच दुपारी गुडघ्याला हळद लावून मी नकाशा काढला. वरून, समोरून आणि छेद घेऊन, तिन्ही बाजूंनी. खाली माझ्या सुप्रसिद्ध अक्षरात सूचना लिहिल्या. सुप्रसिद्ध म्हणजे खात्यात.

नगर निगमच्या बाबूनं तो नकाशा उलटा धरला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "अच्छा बना है. पार्षदजी की अनुशंसा ले आओ."

अनुशंसा म्हणजे शिफारस, आणि आमचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, बंटू पटेल. त्यांचं सिमेंट-सळईचं दुकान आहे आणि दुकानासमोर त्यांची खुर्ची. त्यांनी माझा नकाशा हातात घेतला, मधोमध घडी घातली आणि मी बोलत होतो तेवढा वेळ त्यानं वारा घेतला. "हो जाएगा, मूंगी साब," ते म्हणाले. माझं आडनाव मुंगी आहे. पण हिंदी मुलखात आमच्या घराण्याची कितीतरी वर्षं मूंगीच झालेली आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार वाऱ्याबद्दल होती.

मी अकरा वेळा गेलो. अकराही वेळा "हो जाएगा." दरम्यान गल्लीतल्या लोकांना विचारून पाहिलं, तर ब्रेकर सगळ्यांना हवा होता, फक्त आपल्या घरापासून तीन घरं सोडून. शेवटी भय्यासाहेबांनीच तोडगा काढला. "निगमच्या निवडणुका येताहेत. तुम्हीच उभे राहा ना! पार्षद झालात की अनुशंसा तुमचीच, सही तुमचीच, ब्रेकरही तुमचाच."

मी हसलो. घरी आलो. आरशासमोर उभा राहिलो आणि हसू थांबलं. मला तो चेहरा बरा वाटला. अनुभवी वाटला. दुसऱ्या दिवशी मी खादीचे दोन कुर्ते आणि एक जॅकेट आणलं. वार्डाचा मोठा नकाशा काढून बैठकीत टांगला, मतदान केंद्रं लाल शाईनं दाखवली. सकाळी फिरायला जाताना अनोळखी माणसांनाही नमस्कार करू लागलो. काही जण परत करत, काही जण मागे वळून कुणाला केला ते बघत.

मग आरक्षणाची चिठ्ठी निघाली आणि आमचा वार्ड महिलांसाठी राखीव झाला.

दोन दिवस मी कुर्ता घातला नाही. तिसऱ्या दिवशी भय्यासाहेब स्वतः जिना उतरून आले. "अहो, असं तोंड पाडून काय बसलात? चारुलतावहिनींना उभं करा. नाव त्यांचं, काम तुमचं. बंटू तरी काय करतोय? पक्षाचं तिकीट बायकोच्या नावानं आणलंय."

ते खरंच होतं. चौकात पोस्टरही लागलं होतं. त्यावर बंटू पटेल आभाळाएवढे, आणि खाली कोपऱ्यात, तिकिटाएवढ्या फोटोत, हात जोडलेल्या रेखाबाई. वार्डातल्या कुणीही त्यांना प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं.

चारुलता त्या वेळी आतल्या खोलीत चादरी घड्या घालत होती. तिचा एक उद्योग आहे. भैरवगढच्या छपाईवाल्यांकडून ठशांच्या चादरी आणायच्या आणि घरातून विकायच्या. पंधरा-सोळा वर्षं चाललाय. मी त्याला "टाइमपास" म्हणत असे. डबल बेडच्या चादरीचं एक टोक हनुवटीखाली धरून तिनं माझं सगळं ऐकून घेतलं.

"मला काय करावं लागेल?" तिनं विचारलं.

"काही नाही. सही करायची आणि हात जोडायचे. बाकी मी आहे."

तिनं चादरीची शेवटची घडी घातली, वरून हात फिरवला आणि म्हणाली, "बरं."

अडतीस वर्षांच्या संसारात तिची बरीच 'बरं' मी ऐकलीत. हे मला ओळखू आलं नाही.

अर्ज भरायला आम्ही कलेक्टर कचेरीत गेलो. प्रस्तावक म्हणून सही करायला मी नवं पेन घेतलं होतं. समोरच्या अधिकाऱ्यानं यादीवरून बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं, आणि म्हणाला, "प्रस्तावक का नाम इस वार्ड में नहीं है."

"असं कसं? मी यांचा मिस्टर आहे."

झालं असं होतं की वार्डांची नवी हद्द आखताना रेघ कुठेतरी आमच्या भिंतीपाशी वाकली, आणि चारुलता या वार्डात राहिली, मी शेजारच्या वार्डात गेलो.

"साहब, हम दोनों एक ही घर में रहते हैं," मी म्हणालो.

"सूची में नहीं रहते," तो म्हणाला, आणि मला बाहेरचा बाक दाखवला.

मी बाकावर बसून विचार करू लागलो की आता प्रस्तावक कुठून आणायचा. चारुलतानं व्हरांड्यात उभं राहून एक फोन केला. वीस मिनिटांत एक ऑटो आली आणि तिच्यातून आमच्या चौकात भाजीचा ठेला लावणारी गेंदाबाई उतरली. तिच्या मागून आणखी पाच बायका उतरल्या. एका ऑटोतून सहा! "भाभी, कहाँ अंगूठा लगाना है?" गेंदाबाईनं विचारलं. मग स्वतःच पेन मागून घेतलं आणि ठसठशीत अक्षरांत सही केली. मी मात्र बाकावरच होतो. पेन माझं होतं, एवढंच.

अपक्ष उमेदवाराला तीन निशाण्यांची पसंती द्यावी लागते. मी पुस्तक, टेबल लॅम्प आणि दोन पानांची फांदी अशी विचारपूर्वक निवड केली होती. तिन्ही दुसऱ्यांनी नेल्या. आम्हाला पलंग मिळाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पलंग! सभ्य घरातल्या बाईनं पलंगाला मत द्या म्हणून कसं फिरायचं? चारुलताला विचारलं तर ती म्हणाली, "चांगलाय की. सगळ्यांच्या घरी असतो."

पोस्टरचा मसुदा मी दुपारच्या दोन तासांत केला. डावीकडे ती, उजवीकडे मी, मध्ये बारा कलमी कार्यक्रम. पहिलं कलम अर्थातच गतिरोधक. तिनं चष्मा लावला आणि पेन्सिलनं माझ्या फोटोभोवती गोल काढला.

"हे कोण?"

"मी."

"तुम्ही उभे आहात?"

"तसा उभा नाही, पण..."

"मग बसा," ती म्हणाली, आणि फोटो खोडला. कार्यक्रमाची अकरा कलमंही त्याच पेन्सिलनं गेली. गेंदाबाईनं ठेल्यावरून एक घोषणा सुचवली होती, 'चारों तरफ चारू', ती वर आली. खाली पलंग. माझ्या डोळ्यांदेखत पोस्टर बिघडलं, असं मला वाटलं. आठ दिवसांत वार्डातली पोरंसोरं, रिक्षावाले, दूधवाले तीच घोषणा म्हणू लागले.

प्रचाराला निघालो की वार्डाचा नकाशा बगलेत धरून मी पुढे चालायचा प्रयत्न करी. पण दार उघडताच घरातली बाई माझ्या खांद्यावरून मागे बघायची. "अरे, चारू भाभी! अंदर आओ ना!" आणि चारुलता थेट स्वयंपाकघरात. मी बाहेर चपलांशेजारी. हळूहळू माझ्या लक्षात आलं की ज्याला मी टाइमपास म्हणत होतो त्यानं सगळा वार्ड व्यापलाय. असं घर नव्हतं जिथे तिची चादर नव्हती. कुणाची सून कुठल्या गावची, कुणाच्या नळाला पाणी येत नाही, कुणाच्या गल्लीतला दिवा गेल्या दिवाळीपासून बंद आहे, हे सगळं तिला चादरींबरोबर माहीत होतं. लाल शाईनं मी फक्त केंद्रं दाखवली होती. माणसं तिला ठाऊक होती.

बंटू पटेलांनाही हे कळलं असावं. त्यांनी लेखी तक्रार केली की उमेदवाराची निशाणी पलंग असून घरोघरी चादरी वाटून मतदारांना प्रलोभन दिलं जात आहे, शिवाय गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी हा विनापरवानगी प्रचार आहे. लगेच उडनदस्ता, म्हणजे आचारसंहितेचं भरारी पथक, आला. एक तरुण अधिकारी, एक कॅमेरावाला आणि एक शिपाई. ते गच्च्यांकडे माना वर करून फिरू लागले. अधिकाऱ्यानं एका म्हाताऱ्या बाईंना दरडावून विचारलं, "माताजी, ये चादर कब मिली?"

बाईंनी चादर दोरीवरून काढली आणि मधलं ठिगळ त्याच्या नाकासमोर धरलं. "आठ साल हो गए, बेटा. चुनाव के आठ साल पहले कौन रिश्वत देता है?"

अधिकारी बिचारा सज्जन होता. त्यानं पंचनाम्यात 'चादर पुरानी पाई गई' असं लिहिलं आणि गेला. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गच्चीवर चादरी दुप्पट झाल्या. काही तर धुतलेल्याही नव्हत्या.

इथपर्यंत मी सगळं सहन केलं, कारण शेवटी ब्रेकर होणार होता. मग बागेतली सभा झाली. दीडएकशे लोक होते. एकानं उठून विचारलं, "भाभी, सुना है आपके घर के सामने ब्रेकर बनेगा?"

मी पहिल्या रांगेत ताठ बसलो.

"नहीं बनेगा," चारुलता म्हणाली. "उस रास्ते से बुजुर्ग लोग ऑटो में दवाखाने जाते हैं, उनकी कमर टूट जाएगी. गाड़ियाँ वहाँ इसलिए बहकती हैं कि मोड़ पर गड्ढा है और खंभे का बल्ब नहीं है. गड्ढा भरेंगे, बल्ब लगेगा. ब्रेकर नहीं."

टाळ्या पडल्या. माझ्या मागे कुणीतरी खुसखुसलं, "मूंगी साब का क्या होगा?" मी उठलो. बागेच्या फाटकातून एकटा बाहेर पडलो. बगलेतला नकाशा जड वाटत होता.

घरी मी तिला म्हणालो, "निदान मला आधी सांगायचंस."

"तुम्ही मला विचारलं होतंत, ब्रेकर हवा का?"

"मी पडलो होतो, चारू!"

"माहितेय मला. जखम मीच धुतली. म्हणूनच मोडावर जाऊन बघून आले, तुम्ही का पडलात ते."

मी बोलणं बंद केलं. चार दिवस बंद होतं. प्रचाराला गेलो नाही. बैठकीत बसून वर्तमानपत्र वाचलं, जाहिरातींसकट. पुण्याहून मुलीचा, मधुराचा फोन आला. "बाबा, आईचा व्हिडिओ बघितलात का? काय बोलते ती!" मी म्हणालो, रेंज नाहीये.

पाचव्या दिवशी, मतदानाला तीन दिवस उरले असताना, चारुलता बाहेर पडली आणि अर्ध्या तासात बंटू पटेल स्वतः आमच्या घरी आले. बरोबर मिठाई नव्हती, त्याहून गोड काहीतरी होतं. माझा नकाशा. त्यांच्याकडेच राहिलेला, ब्रेकरचा. घडी सरळ केलेली.

"मूंगी साब, आपका काम अटका हुआ था, मुझे अच्छा नहीं लग रहा था. आज ही करवा देते हैं. मरम्मत के नाम पे. आपको कुछ नहीं करना. बस भाभीजी से बोलो, दो दिन आराम करें. थक गई होंगी."

मी 'हो' म्हणालो नाही. पण 'नाही'ही म्हणालो नाही, हे कबूल करतो. ते गेले, आणि खिडकीतून पाहतो तर फाटकासमोर हातगाड्यांतून खडी-सिमेंट उतरत होतं. मिस्त्रीच्या हातात माझा नकाशा होता, आणि सुलटा होता! तो त्यातली मापं वाचून दोरी लावत होता. मी बाहेर येऊन उभा राहिलो. एकतीस वर्षांत माझ्या नकाशाबरहुकूम काहीतरी बनताना मी पहिल्यांदाच समोर उभा राहून पाहत होतो. धरणं लांब असत आणि भत्ता फक्त इंजिनियरांना मिळे.

"आला की हो ब्रेकर!" बाल्कनीतून भय्यासाहेब ओरडले. "होऊ द्या आता!"

गल्ली जमली. कुणीतरी म्हणालं, "मूंगी साब ने सेटिंग कर ली." कुणी हसलं. तेवढ्यात गेंदाबाई ठेला ढकलत आली. थांबली. खडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बाबूजी," तिनं हळूच विचारलं, "भाभी बैठ गई क्या?"

बैठ गई म्हणजे विकली गेली, माघार घेतली. चारुलता त्या क्षणी वार्डाच्या कुठल्या तरी टोकाला, सुजलेल्या पायांनी, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभी होती, आणि इथे माझ्या फाटकासमोर ती बसली होती. मी बसवली होती.

"काम बंद करो!" मी ओरडलो. मिस्त्रीनं लक्ष दिलं नाही. मी पुढे झालो आणि जिथे सिमेंट पडत होतं तिथेच मध्ये जाऊन उभा राहिलो. घोट्यापर्यंत रुतलो. तसाच उभा राहून खिशातून फोन काढला आणि आचारसंहितेच्या कंट्रोल रूमला लावला.

तोच तरुण अधिकारी आला. त्यानं वही उघडली.

"शिकायतकर्ता?"

"मैं."

"मकान किसका है?"

"मेरा."

"ब्रेकर की माँग किसने की थी?"

"मैंने. अकरा बार."

"और रुकवा कौन रहा है?"

"मैं."

त्यानं पेन खाली ठेवलं. "बाबूजी, एक बार घर में सलाह कर लीजिए."

"घर बाहर गया है," मी म्हणालो. "आप लिखिए."

त्यानं लिहिलं. काम थांबलं. मिस्त्री गेले, नकाशा तिथेच टाकून. रस्त्याच्या अर्ध्या रुंदीचा ब्रेकर झाला होता, अलीकडची अर्धी बाजू मोकळी. त्यामुळे संध्याकाळपर्यंत सगळ्या गाड्या ब्रेकर चुकवून त्या मोकळ्या अर्ध्यातून जाऊ लागल्या, आणि तो अर्धा नेमका आमच्या फाटकाला लागून होता. माझी डावी चप्पल सिमेंटमध्येच राहिली. ती काढायचा प्रयत्न दोघांनी केला, पट्टा हातात आला.

चारुलता दिवेलागणीला आली. रस्त्यात थोडा वेळ उभी राहिली. मी पायरीवर बसलो होतो, सिमेंटनं पाय चुरचुरत होते. तिला वाटेतच सगळं कळलं असणार. गेंदाबाईच्या ठेल्यावरून बातमी लवकर जाते. ती आत गेली, परातीत पाणी घेऊन आली, माझ्या शेजारी बसली आणि माझे पाय त्यात ठेवले. मग स्वतःचेही.

"सांगायचं होतंस मला," मी म्हणालो, "एवढ्या बायका तुला ओळखतात ते."

"तुम्ही टाइमपास म्हणायचात. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

परातीत चार पाय मावत नव्हते. आम्ही आळीपाळीनं ठेवले.

मतदानाच्या दिवशी मी शेजारच्या वार्डात जाऊन कुणा अनोळखी माणसाला मत दिलं. माझ्या बायकोला त्र्याहत्तर मतं जास्त पडली, त्यात माझं एकही नव्हतं. मिरवणूक आमच्या फाटकाशी आली तेव्हा ढोलवाला ढोलासकट अर्ध्या ब्रेकरवर अडखळला, पण वाजवणं थांबलं नाही. भय्यासाहेबांनी बाल्कनीतून फुलं टाकली आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं?"

निगमच्या पहिल्या बैठकीला मी तिला स्कूटरवरून सोडलं. सभागृहाबाहेर एक लांब बाक होता आणि त्यावर पार्षद-पती बसले होते, दहा-बारा, सगळे कडक इस्त्रीचे. मीही टेकलो. थोड्या वेळानं एक बाबू रजिस्टर घेऊन आला आणि एका टोकापासून सह्या घेऊ लागला. नवरे आपापल्या बायकांच्या नावासमोर बिनदिक्कत सही ठोकत होते. रजिस्टर माझ्या मांडीवर आलं. नाव छापलेलं होतं: श्रीमती चारुलता मुंगी. ऱ्हस्व उकारासकट, अगदी शुद्ध. समोर रिकामी चौकट. माझं अक्षर तिथे फार सुंदर दिसलं असतं.

"साइन करो, भाईसाब," बाबू म्हणाला.

"मॅडम ख़ुद करेंगी. अंदर ले जाइए."

तो वैतागला. "अंदर मीटिंग चल रही है."

त्याच वेळी आतून तिचा आवाज आला. माइक बंद पडला असावा, कारण ती त्याच आवाजात बोलत होती ज्या आवाजात स्वयंपाकघरातून मला तिसऱ्यांदा जेवायला बोलावते. कुठल्या तरी गल्लीतल्या दिव्याबद्दल विचारत होती, दिवाळीपासूनचा हिशेब मागत होती. बाबूनं दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"साइन नहीं करनी," तो म्हणाला, "तो आप यहाँ किसलिए बैठे हो?"

मी रजिस्टर मिटून त्याच्या हातात दिलं.

"घर ले जाने के लिए," मी म्हणालो. "बोलून झालं की."